गॉडझिलाचे गाव आणि एक लाकडी बोट

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे टोकियोला जायचे नक्की झाले, तेव्हा आईने माझ्या बॅगेत कुंद्याचे दोन डबे, भाजणीचे पीठ आणि मेतकूट भरले. बॅग बंद करताना म्हणाली, "अथर्वशी मराठीत बोल रे. फोनवर नुसता 'आजी, बरी आहेस?' म्हणतो आणि पळतो." नातवाची भाषा हातची निसटत चालली आहे, ही तिची जुनी काळजी. कुंद्याबरोबर ती काळजीही मी विमानात घेऊन बसलो.

बहीण राहते निशि-कासाई भागात, टोकियोच्या पूर्वेकडच्या एडोगावा प्रभागात. संगणकाच्या नोकऱ्यांमुळे गेल्या पंचवीस वर्षांत इथे भारतीयांची मोठी वस्ती झाली. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळे मिळते. टोकियोतली मराठी मंडळी गणपती बसवतात. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ या प्रभागाच्या सभेवर निवडूनही आले होते. त्यामुळे पहिले दोन दिवस मला परदेशात आल्यासारखे वाटलेच नाही. परका वाटला तो भाचा. तेरा वर्षांचा, जन्म तिथलाच, शाळा जपानी. प्रश्न विचारला की नम्रपणे एका शब्दात उत्तर, आणि पुन्हा आपल्या खोलीत.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीत डोकावलो. कपाटाच्या फळीवर काळ्या, खडबडीत अंगाचे, पाठीवर काटेरी पाती असलेले दहा-बारा राक्षस ओळीने उभे. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "अरे, अजून खेळण्यांशी खेळतोस?"

मुलगा लालबुंद झाला. प्राध्यापकांना ही खोड असते. समोरच्याचे काय आहे ते न पाहताच शेरा मारायचा. बहिणीने स्वयंपाकघरातून मला हळूच खुणावले. पण अथर्वनेच कोंडी फोडली.

"मामा, तू गॉडझिला बघितलास?"

"बघितलाय की! आमच्या कॉलेजच्या वेळी, १९९८ साली आला होता."

"तो अमेरिकेचा. तो गॉडझिला नाही," तो ठामपणे म्हणाला. "उद्या दाखवतो."

माझ्या पिढीच्या वाचकांना दूरदर्शनवरचा 'जायंट रोबो' आठवत असेल. रबरी राक्षस, पुठ्ठ्याच्या इमारती, आणि मनगटावरच्या घड्याळातून हुकूम सोडणारा मुलगा. जपानी राक्षसपट म्हणजे तसलेच काहीतरी, एवढीच माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी तो मला शिंजुकूला घेऊन गेला. काबुकिचो म्हणजे दिव्यांचा, खाणावळींचा आणि रात्रीच्या करमणुकीचा गजबजलेला भाग. तिथे तोहो कंपनीच्या चित्रपटगृहाच्या इमारतीवर, आठव्या मजल्याच्या गच्चीमागून गॉडझिलाचे प्रचंड डोके रस्त्याकडे रोखून पाहत असते. २०१५ मध्ये ते बसवले आणि शिंजुकू प्रभागाने गॉडझिलाला रीतसर 'खास रहिवासी' आणि पर्यटनदूत म्हणून जाहीर केले. ठरलेल्या वेळी तो गुरगुरतो. खाली माणसांचे थवे मोबाइल वर धरून उभे. मीही फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आईचे उत्तर आले, "मगर आहे का रे?"

आई तशी फार चुकली नव्हती. हा प्राणी समुद्रातूनच येतो. जपानीत त्याचे नाव 'गोजिरा'. गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोन शब्दांची ती सांधणी. तिथून आम्ही हिबियाला गेलो. तिथल्या चौकात गॉडझिलाचा चौथऱ्यासह सुमारे तीन मीटर उंचीचा पुतळा २०१८ पासून उभा आहे. आजूबाजूला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले. म्हटले तर एखाद्या जुन्या नटाला द्यावा तसा मान. "सत्तर वर्षं झाली त्याला," अथर्व म्हणाला, "आणि प्रत्येक वेळी तो वेगळा असतो."

ते खरे आहे. १९६२ मध्ये तो किंगकाँगशी लढला आणि त्या चित्रपटाला एक कोटीहून अधिक प्रेक्षक लाभले. मग तो मुलांचा लाडका झाला, १९६७ मध्ये त्याला पिल्लूही झाले. १९७१ मध्ये तो कारखान्यांच्या सांडपाण्यातून जन्मलेल्या हेडोराशी लढला. तेव्हा जपान प्रदूषणाच्या रोगांनी हैराण होता. २०११ मध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला, आणि २०१६ च्या 'शिन गॉडझिला'मध्ये राक्षसाहून जास्त वेळ पडद्यावर दिसतात ते बैठकांमागून बैठका घेणारे सरकारी अधिकारी. २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' युद्धात हरलेल्या, उद्ध्वस्त टोकियोत घडतो. त्याला २०२४ मध्ये दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळाले. राक्षस तोच, पण त्या त्या वर्षी देशाच्या पोटात जी भीती असेल ती त्याच्या अंगात येते.

"पण पहिला बघितल्याशिवाय काही कळणार नाही," असे म्हणून रात्री अथर्वने पहिला चित्रपट लावला. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झालेला, काळा-पांढरा, दीड तासाचा. मी सोफ्यावर, तो खाली सतरंजीवर. अधूनमधून तो चित्र थांबवायचा आणि मराठीत सांगायचा. शब्द अडला की हातवारे, नाहीतर बहिणीला हाक.

सुरुवातीलाच शांत समुद्रावर एक बोट. खलाशी डेकवर गाणी-गप्पांत दंग. अचानक पाणी उजळते, सगळे डोळ्यांवर हात घेतात आणि बोट पेटते. पुढे राक्षस टोकियोत शिरतो. गिंझाच्या चौकातला घड्याळाचा मनोरा फोडतो, पार्लमेंटची इमारत पाडतो. पण माझ्या लक्षात राहिली ती माणसे. लोकलमध्ये उभी असलेली एक तरुणी वैतागून बोलते. आधी दूषित मासे, किरणोत्सारी पाऊस, आता हे. नागासाकीतून वाचलेला जीव असा घालवायचा नाही तिला. एक आई मुलांना पोटाशी धरून आगीत बसली आहे आणि त्यांना सांगते आहे, आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ. इस्पितळात एका लहान मुलीजवळ किरणोत्सार मोजायचे यंत्र धरले जाते आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. मी सरसावून बसलो. पुठ्ठ्याच्या इमारती बघायला बसलेला माणूस मी!

हा चित्रपट करणारी माणसे युद्ध पाहिलेली होती. दिग्दर्शक इशिरो होंडा अनेक वर्षे सैन्यात होते. युद्ध संपल्यावर मायदेशी परतताना ते हिरोशिमातून गेले होते. निर्माते तोमोयुकी तनाका यांचा इंडोनेशियाबरोबरचा एक चित्रपट ऐनवेळी रद्द झाला आणि परतीच्या विमानात खाली समुद्र पाहताना त्यांना ही कल्पना सुचली. एइजी त्सुबुराया यांनी छोट्या प्रतिकृतींचे शहर उभारले. हारुओ नाकाजिमा नावाच्या नटाने सुमारे शंभर किलोचा पोशाख अंगावर चढवून ते तुडवले. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून ती गर्जना आली. डबलबास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून ती काढली आहे. 'सेव्हन सामुराय'मधले ताकाशी शिमुरा इथे वृद्ध शास्त्रज्ञ झाले आहेत. चित्रपट संपताना तेच म्हणतात की अणुचाचण्या चालूच राहिल्या तर असा आणखी एखादा जगात कुठेतरी प्रकट होईल.

चित्रपट संपल्यावर मी अथर्वला विचारले, "पण सुरुवातीची ती बोट? तिचं पुढे काहीच नाही."

"ती बोट खरी आहे," तो म्हणाला. "शाळेतून नेलं होतं आम्हाला. इथून जवळ आहे."

रविवारी सकाळी आम्ही दोघेच निघालो. शिन-किबा स्टेशनला उतरून चालत चालत युमेनोशिमा बागेत गेलो. युमेनोशिमा म्हणजे 'स्वप्नांचे बेट'. नाव देखणे, पण हे बेट टोकियोच्या कचऱ्याच्या भरावाचे आहे. आता त्यावर निलगिरीची उंच झाडे आहेत. शेजारच्या कचरा जाळण्याच्या प्रकल्पातल्या उष्णतेवर चालणारे काचघरही आहे. झाडांच्या आड तिरक्या छपराची एक साधी इमारत आहे. प्रवेश मोफत. शिंजुकूला माणसांत माणूस मावत नव्हते. इथे आम्ही धरून सात-आठ जण.

आत शिरलो आणि समोर एकदम बोटच. सुमारे तीस मीटर लांब, लाकडी, जुन्या फळ्यांची. तिची बाजू हाताच्या अंतरावर. माझे आजोळ वेंगुर्ल्याचे, त्यामुळे लाकडी होडी मला नवीन नाही. पण किनाऱ्यावर ओढलेल्या होडीजवळ माणसांचा गलबला असतो. ही अगदी गप्प उभी होती. 'दाइगो फुकुर्यू मारू', म्हणजे 'पाचवा भाग्यशाली ड्रॅगन'. १९४७ मध्ये बांधलेली, याइझु बंदरातली, ट्यूना पकडणारी बोट. आपल्याकडे किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात तो मासा.

१ मार्च १९५४ च्या पहाटे या बोटीवर तेवीस माणसे होती. अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेच्या अडीचपट, म्हणजे पंधरा मेगाटनांचा झाला. हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. बोट तिथून सुमारे १६० किलोमीटरवर, अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राच्या बाहेर होती. खलाशांना वाटले, पश्चिमेला सूर्य उगवला. काही मिनिटांनी आवाज आला. त्यानंतर काही वेळाने आकाशातून पांढरे पांढरे काहीतरी पडू लागले. पोवळ्याच्या बेटाचा जळून झालेला चुरा होता तो. समुद्रात टाकलेले दोर सोडून कोण पळणार? ते काम करत राहिले. केसांत, कानांत, कपड्यांत चुरा साचत गेला. संध्याकाळपर्यंत डोकी दुखू लागली, मळमळू लागले. मग अंगावर भाजल्याचे डाग, मग केस गळणे. १४ मार्चला बोट याइझुला परतली.

एका काचेआड छोट्या बाटलीत तो चुरा ठेवला आहे. अथर्व खालची पाटी वाचत अडखळला. "मामा, जपानीत याला 'शि नो हाइ' म्हणतात. 'शि' म्हणजे मरण. 'हाइ' म्हणजे... आजीच्या गावी चूल असते ना, सकाळी त्यात जे उरतं ते काय?"

"राख."

"हां. मग मरणाची राख." त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

बोटीवरचे बिनतारी यंत्र सांभाळणारे आइकिचि कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजी वारले. वय चाळीस. त्यानंतर सहा आठवड्यांत 'गोजिरा' प्रदर्शित झाला! चित्रपटगृहातल्या प्रत्येकाला ती सुरुवातीची बोट कुठली, हे सांगावे लागले नसेल. त्या वर्षभरात जपानच्या शेकडो बोटींवरचा साडेचारशे टनांहून अधिक मासा किरणोत्सारी ठरून फेकून द्यावा लागला. बाजारात मासा घ्यायला लोक घाबरू लागले. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी अणुचाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. कुणा पक्षाने नव्हे, घरात मासा शिजवणाऱ्या बायकांनी ही सुरुवात केली. बिकिनीजवळच्या राँगेलाप बेटावरच्या माणसांवरही हीच राख पडली. त्यांना तर आपले गावच सोडावे लागले.

बोटीचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. ती साफ करून नाव बदलली आणि मत्स्यविद्यापीठाची प्रशिक्षण-बोट म्हणून वापरली. १९६७ मध्ये ती मोडीत निघाली. इंजिन विकले गेले आणि सांगाडा याच युमेनोशिमाच्या कचऱ्यात टाकून दिला. १९६८ मध्ये एका तरुण वाचकाने वृत्तपत्राला पत्र लिहून ही बोट बुडू देऊ नका असे कळकळीने सुचवले आणि त्यातून चळवळ उभी राहिली. १९७६ मध्ये हे प्रदर्शन उघडले. विकलेले इंजिन ज्या दुसऱ्या बोटीत बसवले होते ती बुडाली होती. ते १९९६ मध्ये समुद्राच्या तळातून काढले. आज ते गंजलेले धूड बाहेर अंगणात आहे. वाचकांच्या पत्रांचे पान आपण भरभर उलटतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

अंगणात दोन शिळाही आहेत. एक कुबोयामांची. अणुबॉम्बचा शेवटचा बळी मीच ठरावा, ही त्यांची इच्छा तिच्यावर कोरली आहे. दुसरी शिळा फेकून दिलेल्या ट्यूना माशांची. तिच्यासाठी खटपट केली माताशिची ओइशि या खलाशाने. लोकांच्या नजरा आणि कुजबुज नको म्हणून ते गाव सोडून टोकियोच्या गर्दीत आले, लाँड्री चालवू लागले आणि कित्येक वर्षे गप्प राहिले. मग पन्नाशीच्या सुमारास शाळाशाळांतून मुलांना सगळे सांगू लागले. २०२१ मध्ये ते गेले. अथर्वच्या शाळेला ते भेटले नाहीत, पण त्याच्या बाईंनी त्यांना ऐकले होते.

आम्ही इंजिनाजवळच्या बाकावर बसलो. बहिणीने दिलेल्या डब्यात पोळीचा लाडू होता. मी राज्यशास्त्र शिकवतो. माझ्याजवळ सांगण्यासारखे एक होते. म्हटले, "या बोटीची बातमी आल्यावर आपले पंतप्रधान नेहरू २ एप्रिल १९५४ ला लोकसभेत म्हणाले होते की या चाचण्या थांबवा. जगात अशी मागणी करणाऱ्या पहिल्या नेत्यांपैकी ते."

अथर्वचा चेहरा खुलला. "हे आमच्या बाईंना सांगू?" मग लाडू खाता खाता म्हणाला, "पण मामा, आपल्याकडे आता बॉम्ब आहे ना?"

"आहे. १९७४ मध्ये पोखरणला पहिली चाचणी झाली. मग १९९८ मध्ये, मे महिन्यातच."

"तेव्हा तू काय केलंस?"

मुलांचे प्रश्न असे सरळ येतात. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आम्ही मित्रांनी चौकात फटाके लावले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटले. त्याच वर्षी तो अमेरिकन 'गॉडझिला' पाहून आम्ही शिट्ट्या मारल्या. त्या चित्रपटात राक्षस निपजतो तो फ्रान्सच्या चाचण्यांतून. बिकिनीचा विषय सोयीस्करपणे बाजूला. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले?

"पेढे वाटले," मी सांगितले.

तो काही बोलला नाही. माझ्याजवळ उत्तरे तयार होती. शेजारी राष्ट्रांकडे बॉम्ब असताना आपण काय करायचे, देशाच्या संरक्षणाचा प्रश्न नुसत्या भावनेने सुटत नाही. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो आणि आजही मानतो. ते त्याला सांगितलेही. पण सांगताना मलाच जाणवत होते की त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही राख आठवली नव्हती. आठवणार कशी? १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी कराराची कलमे मी वीस वर्षे फळ्यावर लिहितो आहे. नेहरूंचे निवेदन एका गुणाच्या प्रश्नात येते. त्या निवेदनामागे एक लाकडी बोट आणि तेवीस कोळी होते, हे मी एकदाही सांगितले नाही. तेरा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक होते, आणि त्याच्या फळीवरच्या 'खेळण्यां'ना मी हसलो होतो.

शिंजुकूचा गॉडझिला लोकांना आवडतो याचे मला आता वाईट वाटत नाही. लोक राक्षस बघायला येतात, त्यातला एखादा मुलगा पहिला चित्रपट बघतो, आणि त्यातला एखादा आपल्या मामाला हात धरून युमेनोशिमाला आणतो. दुःखाला जिवंत राहायला कधीकधी करमणुकीचा पोशाख घालावा लागतो. आपल्याकडे दशावतारात राक्षस नाचतोच की. फक्त पोशाखाच्या आत कोण आहे, हे सांगणारे कुणीतरी घरात हवे.

त्या रात्री आईचा फोन आला. अथर्वने नेहमीचे "आजी, बरी आहेस?" म्हटले. मी टीव्हीकडे पाहत असल्यासारखे केले. पण तो पळाला नाही. "आजी, ती मगर नव्हती. तुला सांगतो," म्हणून तो सतरंजीवर मांडी घालून बसला. समुद्र, बोट, पश्चिमेचा सूर्य, राख. क्रियापदे चुकत होती, बोटीला तो 'ती' आणि 'तो' दोन्ही म्हणत होता. बहीण ओट्याशी हातातले काम थांबवून उभी होती. वीस मिनिटे तरी झाली असतील. वेंगुर्ल्याला समुद्राकाठी वाढलेल्या माझ्या आईने सगळे ऐकून घेतले आणि मग एवढेच विचारले, "अरे, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का, तिकडे जाऊ नका म्हणून?"

अथर्व जरा थांबला. शब्द शोधत असावा.

"ते बाहेरच होते, आजी," तो म्हणाला. "रेषेच्या बाहेरच होते."